जुनें संयुक्त सुतारयंत्र : दुरुस्ती आणि निगा

शेतकऱ्याच्या घरामागील पडवींत काय काय पडलेलें असतें याची यादी करावयास कोणी बसला तर त्याला एक वही पुरावयाची नाहीं. गंजलेला उंसाचा चरक, पाभरीचें चाडें, गाडीचा एकटा कणा. आणि ज्या घरीं एके काळीं तेलाचें इंजिन होतें अशा कित्येक ठिकाणीं बिडाचें एक अवजड यंत्र, ज्याच्या मेजावर आतां कोंबड्या बसतात. हें यंत्र लांकूड चिरतें, रंधतें, त्याची जाडी सारखी करतें आणि बाजूस लावलेल्या गिरमिटानें कुसवांसाठीं लांबट भोंकें पाडतें. चार यंत्रांचीं कामें एकाच सांगाड्यावर चालतात, म्हणून या लेखांत आम्ही त्यास संयुक्त सुतारयंत्र म्हणूं. कारागीर त्यास नुसतें रंधा मशीन म्हणतात.

असें एक यंत्र आमच्या घरीं आहे. आमच्या चुलत्यांनीं तें सन १९६४ च्या सुमारास मुंबईस जुन्या मालाच्या बाजारांत घेतलें. मूळचें तें विलायती, आणि घेतलें तेव्हांच म्हातारें होतें. गुऱ्हाळाचा हंगाम संपला कीं इंजिनाचा पट्टा चरकावरून उतरवून या यंत्रावर चढवीत. इंजिन लिस्टर नमुन्याचें, सहा अश्वशक्तीचें, मिनिटास ६५० फेऱ्यांचें. अशीं इंजिनें राजकोटास पुष्कळ बनत. पंचक्रोशींतील गाड्यांचे पुठे, जुवें, कुळवाच्या दांड्या, घरांचीं दारें या यंत्रावर निघालीं. पुढें १९८१ च्या उन्हाळ्यांत गांवच्या सुतारदादांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं पेरें त्यानें नेलीं. आम्ही त्या वेळीं शाळकरी होतों. भुशांतलें रक्त आम्हीं पाहिलें आहे. त्यानंतर यंत्र फारसें चाललें नाहीं, आणि पुढें तर तें मुळींच थांबलें.

गेल्या वर्षीं भंगारवाला दारीं आला व त्यानें तें सात क्विंटल धरून किंमत सांगितली. त्याच आठवड्यांत सुतारदादांचा मुलगा, जो आयटीआय शिकून आला आहे, आमच्याकडे येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, मोडूं नका. मला चालवायला द्या." दुसऱ्या दिवशीं बाप आला. तो म्हणाला, "भाऊसाहेब, लोखंडाला दया नसते. पोराच्या हातीं तें देऊं नका." दोघांचेंहि म्हणणें खरें होतें, आणि निकाल आमच्याकडे होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडल रोडच्या माळावर कारखाना घातला, त्या काळीं लोखंडी नांगरानें जमिनीस विष चढतें असें म्हणणारे शेतकरी होते. ती भीति अज्ञानाची होती. सुतारदादांची भीति तशी नव्हे. तिचा पुरावा त्यांच्या हातावर होता. म्हणून आम्हीं प्रथम एवढेंच ठरविलें कीं, बोटें कशानें गेलीं हें समजल्याशिवाय यंत्रास तेलाचा थेंबहि लावावयाचा नाहीं.

येथें थोडा मागील इतिहास सांगणें जरूर आहे. लांकूड यंत्रानें रंधण्याची व चिरण्याची कल्पना इंग्लंडांत सॅम्युअल बेंथॅम यांनीं १७९१ व १७९३ च्या सनदांत मांडली. पुढें पोर्ट्‌स्मथच्या आरमारी गोदींत ब्रुनेल यांनीं आंखलेलीं व मॉड्‌स्ले यांनीं बनविलेलीं यंत्रें बसलीं; जहाजांस लागणाऱ्या लांकडी कप्प्या करण्याचें ११० कुशल सुतारांचें काम तेथें दहा साधे मजूर करूं लागले. अमेरिकेंत विल्यम वुडवर्थ यांनीं १८२८ सालीं फिरत्या पात्यांच्या रंधायंत्राची सनद घेतली. लहान कारखानदारास चार यंत्रें परवडत नाहींत, यासाठीं एकाच सांगाड्यावर सर्व कामें आणणारीं यंत्रें इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांतच होऊं लागलीं. हीच कल्पना घरगुती प्रमाणावर हान्स गोल्डश्मिट यांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियांत शॉपस्मिथ या यंत्रांत आणली. तें १९४७ पासून विकलें जाऊं लागलें, आणि त्या पहिल्या नमुन्याचीं यंत्रें दुरुस्त करून वापरणारे लोक अमेरिकेंत आजहि आहेत.

आतां बोटांविषयीं. रंधायंत्रांत दोन मेजांच्या मध्यें एक आडवा लोखंडी दंड फिरत असतो. यास कारागीर ब्लॉक म्हणतात. पातीं यावर बसविलेलीं असतात. जुन्या यंत्रांत हा ब्लॉक चौकोनी असे. चौकोनाचा कोंपरा मेजाच्या ओठाजवळून जातो तेव्हां फट लहान असते. पण चपटी बाजू समोर येते तेव्हां ओठ व ब्लॉक यांमध्यें मोठी पोकळी पडते. मिनिटास चार हजार फेऱ्या होत असतां ही पोकळी डोळ्यांस दिसत नाहीं, धुरकट गोल दांडा फिरत आहे असें भासतें. लांकूड उसळलें व बोट खालीं गेलें कीं तें त्या पोकळींत शिरतें आणि पुढचा कोंपरा त्यास आंत ओढून घेतो. गोल ब्लॉकांत ही पोकळीच नाहीं. पातें गोलाईच्या बाहेर सुमारें एक मिलिमीटर तेवढें डोकावतें. अपघात गोल ब्लॉकानेंहि होतो, पण तेथें बहुधा कातडें व मांस सोललें जातें, पेर जात नाहीं. इंग्लंडांत १९२२ सालीं लांकूडकामाच्या यंत्रांविषयीं जे नियम झाले त्यांत, हातानें लांकूड सरकविण्याच्या रंधायंत्रास गोल ब्लॉकच असला पाहिजे असें बंधन घातलें गेलें. नियम होऊन चाळीस वर्षें लोटल्यावर आमच्या चुलत्यांस मुंबईंत चौकोनी ब्लॉकाचें यंत्र मिळालें, तें कां मिळालें याचा तर्क वाचकांनींच करावा.

चौकोनी ब्लॉकाचा आणखी एक दोष आहे. त्याचीं पातीं उघड्या बोल्टांनीं आवळलेलीं असतात. वर्षानुवर्षें ताणून ते बोल्ट लांबलेले असतात व आटे झिजतात; एखादा तुटला तर पातें गोळीसारखें सुटतें. म्हणून ज्यांच्या घरीं असें यंत्र आहे त्यांनीं प्रथम दांडा हातानें फिरवून ब्लॉक पाहावा. तो चौकोनी असेल तर बाकीचें यंत्र कितीहि उत्तम असो, त्या ब्लॉकासह तें चालवूं नये. आम्हीं शहरांतील एका कारागिराकडून त्याच लांबीचा पोलादी गोल ब्लॉक कातून घेतला. त्यांत पातीं पाचरींनीं आंतून दाबलीं जातात व फेऱ्यांच्या ओढीनें आणखी घट्ट बसतात. हाच सर्व दुरुस्तींतील मोठा खर्च होय.

यंत्र उकलण्यापूर्वीं आम्हीं त्याचा पंचनामा केला. महसुलाच्या कचेरींत उमेद गेलेल्या माणसास दुसरें काय सुचणार? परंतु ही सवय उपयोगी पडली. प्रत्येक भागास खडूनें आंकडा घातला, वहींत त्याची आकृति काढली, आणि त्या त्या भागाचे बोल्ट निरनिराळ्या डब्यांत चिठ्ठीसह ठेविले. बोल्ट निघेनात तेथें रॉकेल व तेल घालून आठ आठ दिवस वाट पाहिली. एके ठिकाणीं मात्र आमचा धीर सुटला. भोंकें पाडण्याच्या मेजाच्या दांडीचा आधार हातोड्यानें ठोकतांना तडकला. बीड पोलादासारखें वांकत नाहीं, फुटतें. पुढें तो तुकडा सर्व बाजूंनीं तापवून पितळेनें जोडून घ्यावा लागला व हळूहळू राखेंत निववावा लागला. थंड बिडावर एकदम झाळ दिली असतां शेजारींच दुसरी चीर जाते. करवतीच्या आंसावरील चाकीस पुष्कळ यंत्रांत उलटे आटे असतात, हेंहि ध्यानांत ठेवावें. उलटी चाकी सुलट समजून जोर लावणारास आंस पिळवटून घेण्याचें श्रेय मिळतें.

आट्यांविषयींच आणखी एक गोष्ट. विलायती जुन्या यंत्रांचे बोल्ट व्हिटवर्थ पद्धतीचे असतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनीं ती पद्धति १८४१ सालीं घालून दिली. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टास इंचांत बारा आटे व आट्याचा कोन ५५ अंश. हल्लीं दुकानांत मिळतो तो बारा मिलिमीटरचा बोल्ट, कोन ६० अंश. तो त्या भोंकांत थोडा जातो, मग अडतो. आणि मेकॅनिक पान्यानें त्यास पुढें रेटतो. बाहेरून काम झालेलें दिसतें, पण आंतील आटे मेले. आमच्या यंत्रांत असे तीन बोल्ट पूर्वींच कोणीं घातलेले निघाले. जुना बोल्ट टाकूं नये. तो नमुना म्हणून नेऊन तसाच कातून घ्यावा.

गंज काढण्याचे उपाय पुष्कळ आहेत. मोठ्या भागांस आम्हीं तारेचा ब्रश व रॉकेल वापरलें. लहान भागांसाठीं मळी. उंसकरी शेतकऱ्यास हें वाचून हसूं येईल, पण मळीचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग करून त्यांत गंजलेलें लोखंड दोन तीन आठवडे बुडवून ठेविलें तर गंज सुटतो व चांगलें लोखंड शाबूत राहतें. पिंपास दुर्गंधि येते, तें घरापासून लांब ठेवावें. ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा भाग त्यांत घालूं नये, तो खाल्ला जातो. मळीवर अबकारी खात्याचा डोळा असतो, म्हणून जनावरांच्या खाद्यासाठीं रीतसर विकली जाते तीच थोडी आणावी. ज्यांस घाई आहे त्यांनीं विजेचा उपाय करावा: प्लास्टिकच्या टबांत धुण्याच्या सोड्याचें पाणी, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागास व धन तार भंगार लोखंडाच्या पत्र्यास. तारा उलट लागल्या तर भागच झिजेल. पत्रा स्टेनलेस पोलादाचा मुळींच वापरूं नये, पाण्यांत विषारी क्षार उतरतात; आणि बुडबुड्यांचा वायु पेट घेणारा असल्यामुळें हें काम उघड्यावर करावें, जवळ विडी ओढूं नये. रंगाविषयीं लिहिण्यासारखें कांहीं नाहीं. मेजांस रंग लावूं नये, पातळ मेण चोळावें.

मधल्या आंसाचीं बेअरिंगें बॅबिटचीं होतीं. बॅबिट म्हणजे कथील, तांबें व अंजन यांचा मऊ पांढरा धातु. आयझॅक बॅबिट या अमेरिकन गृहस्थानें तो १८३९ सालीं काढला. स्वस्त प्रकारांत शिसें असतें. पुष्कळ कारागीर हें बॅबिट पाहतांच "काढून टाका" म्हणतात. आमच्या मतें तसें करण्याचें कारण नाहीं. सावकाश फिरणाऱ्या आंसास वेळेवर तेल मिळालें तर बॅबिट माणसाच्या आयुष्याएवढें टिकतें, आणि झिजलें तर घरच्या घरीं पुन्हां ओततां येतें. बॉल बेअरिंगाचें तसें नाहीं. ओतण्यापूर्वीं आंसास दिव्याची काजळी धरावी, म्हणजे धातु चिकटत नाहीं. बाजूच्या फटी मातीनें बुजवाव्या, पण ती माती वाळलेली असावी. बिडाचें घर तापवून घ्यावें. त्यांत पाण्याचा एक थेंब राहिला तर वाफ होऊन वितळलेला धातु तोंडावर उडतो. देवदाराची सुकी काडी धातूंत बुडवून काढली असतां करपली पण पेटली नाहीं, म्हणजे ताप बरोबर आला असें समजावें. वरच्या व खालच्या अर्ध्यांमध्यें पातळ पत्र्याच्या चकत्या ठेवाव्या. पुढें धातु झिजला कीं एक चकती काढून आवळतां येतें. धूर नाकांत जाऊं देऊं नये. ब्लॉकाच्या आंसास मात्र वेग फार, म्हणून तेथें आम्हीं बॉल बेअरिंगेंच घातलीं.

वेगाचा हिशेब हा या सर्वांत महत्त्वाचा, व त्याकडेच दुर्लक्ष फार. आमची मोटार मिनिटास १४४० फेऱ्यांची. तिची पुली ८ इंच, मधल्या आंसाची ५ इंच. म्हणून मधला आंस २३०४ फेरे करतो. त्यावरील ६ इंचाची पुली ब्लॉकाच्या ३ इंचाच्या पुलीस फिरविते, म्हणजे ब्लॉकाचे ४६०८ फेरे झाले. ४ इंचाची पुली करवतीच्या ३ इंचाच्या पुलीस फिरविते, म्हणजे करवतीचे ३०७२. एक फूट व्यासाच्या करवतीचा दांता त्या वेगानें मिनिटास सुमारें ९,६५० फूट धांवतो, तो योग्य आहे. आतां कोणीं स्वस्त मिळाली म्हणून २८८० फेऱ्यांची मोटार त्याच पुल्यांवर लावली तर ब्लॉकाचे फेरे नऊ हजारांच्या वर जातील. वेग दुप्पट झाला म्हणजे पातें बाहेर फेंकणारी ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. मोटारीच्या पाटीवरील आंकडा वाचल्याशिवाय पट्टा चढवूं नये.

पातीं जोडीनें सारख्या वजनाचीं हवींत. नाहींतर ब्लॉक थरथरतो व बेअरिंगें जातात. आम्ही तीं सोनाराकडे घेऊन गेलों. सोनारानें काट्यावर घालून एक दुसऱ्याहून मासाभर जड आहे असें सांगितलें; मग जड पात्याची पाठ घासून तीं सारखीं केलीं. बसवितांना मागील मेजावर लांकडाची एक सरळ पट्टी पातें जातें त्या जागेपर्यंत पुढें आणून ठेवावी व ब्लॉक हातानें फिरवावा. पातें पट्टीस किंचित् उचलून सुमारें अष्टमांश इंच पुढें सरकवील. ब्लॉकाच्या दोन्ही टोंकांस हें सरकणें सारखें आलें म्हणजे पातें बरोबर बसलें. मागील मेज पात्याच्या कळसाशीं समपातळींत असावें. तें खालीं असेल तर लांकडाच्या शेवटीं खड्डा पडतो. वर असेल तर लांकूड त्यास अडतें. पहिल्या दिवशीं आमच्याकडे खड्डे पडले, आणि सुतारदादा, जे दूर बाजेवर बसून नुसतें पाहत होते, तेथूनच म्हणाले, "मागलं मेज उचला." त्या दिवशीं ते प्रथम बोलले.

विजेसंबंधीं आमच्या वाचकांस एक गोष्ट कळकळीनें सांगावयाची आहे. शेतीपंपाच्या स्टार्टरला आपण ऑटो बसवितों, कारण रात्रीं वीज केव्हां येईल याचा नेम नसतो व मोटार आपोआप सुरू व्हावी अशी इच्छा असते. तसला ऑटो या यंत्रावर कदापि नसावा. वीज गेली, मनुष्य ब्लॉकांतला भुसा हातानें काढावयास वांकला, आणि वीज आली, एवढें पुरे आहे. स्टार्टर असा हवा कीं वीज जातांच तो सुटेल व कोणीं हिरवें बटण दाबल्याशिवाय यंत्र हलणार नाहीं. सुतारदादांच्या मुलानें पंपावरचा जुना स्टार्टर आणला होता. त्यांत ऑटो जोडलेला निघाला. आम्हीं त्याच्यासमोर तो उपटून काढला. तो रागावला, कारण ऑटो चालू स्थितींत होता. पातें बदलतांना किंवा भुसा काढतांना स्टार्टरवर भरंवसा न ठेवतां मेन स्विच पाडावा व फ्यूज खिशांत ठेवावे.

करवतीच्या मागें उभें पातळ पोलादी पान असतें तें पुष्कळांनीं अडचण म्हणून काढून टाकलेलें असतें. चिरतांना लांकूड मिटूं लागलें तर तें मागील दांत्यांवर चढून चालविणाराच्या छातीवर येतें. तें होऊं नये म्हणून हें पान आहे. आमच्या यंत्राचें हरवलें होतें, नवें करून घेतलें. ब्लॉकावर झांकण, लांकूड पुढें रेटण्यास दोन काठ्या, एक फुटाहून आंखूड तुकडा रंधावयाचा नाहीं, हातमोजे घालावयाचे नाहींत. एका आंसावर सर्व कामें चालत असल्यामुळें करवतीवर काम करतांना ब्लॉकहि फिरत असतो. जें काम चालू नाहीं त्यावर झांकण असलेंच पाहिजे. गाडीच्या जुन्या पुठ्याचें लांकूड घालण्यापूर्वीं त्यांतील खिळे लोहचुंबकानें शोधावे.

यंत्र आश्विनांत चालू झालें. सारा खर्च भंगारवाल्यानें देऊं केलेल्या किमतीच्या दुपटीहून थोडा अधिक आला. तेवढ्यांत नवें हलकें यंत्र मिळालें असतें काय, असें कोणी विचारील. मिळालें असतें, पण तें बाभळीच्या ओल्या गाभ्यापुढें टिकलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. पहिलें काम शेजाऱ्याचें जूं. मुलगा चालवीत होता. बाप जवळ आला, त्यानें यंत्र बंद करावयास सांगितलें, मेन स्विच स्वतः पाडला, झांकण काढून नवा ब्लॉक हातानें सावकाश फिरविला, आणि मेजाच्या ओठाजवळची फट आपल्या उरलेल्या बोटानें चांचपून पाहिली. मग म्हणाला, "भाऊसाहेब, तो चौकोनी ठोकळा मला द्या." आम्हीं दिला. तो आतां त्यांच्या अंगणांत ओसरीच्या दाराला अडसर म्हणून पडलेला असतो.

एक काम अद्याप अपुरें आहे. जाडी काढण्याच्या भागांतील लांकूड ओढणारा रूळ ओल्या बाभळीवर घसरतो; त्यास दाबणाऱ्या दोन्ही स्प्रिंगा मऊ पडल्या आहेत, आणि आम्हीं करून घेतलेल्या नव्या फारच ताठ निघाल्या, त्यांनीं सागाच्या फळीवर दांत्यांचे वळ उठविले. ज्या वाचकांकडे चोवीस इंची मेजाचें असें जुनें यंत्र उकललेलें पडलें असेल त्यांनीं मूळ स्प्रिंगेच्या तारेची जाडी, वेढ्यांची संख्या व मोकळी लांबी मोजून संपादकांच्या पत्त्यावर कळविल्यास आम्ही आभारी होऊं.